जात्याखालचे सतरा जण

आमचा पितांबर माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्याच्या चपला अंगणातच राहिल्या. डावी सुलटी, उजवी पालथी. मीच उचलून पायरीखाली ठेवल्या. ज्याला हे खरं वाटत नसेल त्याने पुढचं ऐकूच नये, कारण पुढचं याहून अवघड आहे.

पितांबर म्हणजे माझा धाकटा दीर. सोनगीरच्या फाट्यावर, आग्रा रोडला, त्याचं पंक्चरचं दुकान होतं. अंगात बनियन, कमरेला टायर काढायची टामी. झोपतानासुद्धा टामी उशाशी. बोलायला गोड, हाताचा सढळ, न् त्या सढळ हातानेच त्याचा घात केला.

श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई बसते. तिच्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, घरच्या जात्यावर दळायचा, त्याचे रोट करायचे. न् ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडी कणही जाऊ द्यायचा नाही. गावात विजेच्या दोन गिरण्या होत्या तरी हे दळण जात्यावरच.

त्र्याऐंशी साली कानबाईच्या दुसऱ्या दिवशी फाट्यावर एक पंजाबी ट्रकवाला अडकला. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला, दीड दिवसाचा उपाशी. पितांबरने आपल्या वाटणीचा रोट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याला नेऊन दिला. इथवर कोणाला कळलंही नसतं. पण तो ट्रकवाला पडला भला माणूस. ट्रक सुरू झाल्यावर घर शोधत आला, ओसरीवर बसलेल्या बारा भाऊबंदांसमोर हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आपके घर की रोटी बहोत बढिया थी."

माझे सासरे, जीवराम आबा, तंबाखू चोळत होते. तंबाखू तशीच तळहातावर राहिली.

त्या वर्षी ते काही बोलले नाहीत. बोलले ते पुढच्या श्रावणात. ओसरीवर सूप ठेवून आबा मुठी काढायला बसले. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. थोरल्याची, मधल्याची, काकांची, काकांच्या पोरांची. दहा झाल्या न् त्यांनी हात झटकला.

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "ऐकस का? पितांबरनी राहिनी."

"त्यानी नही," आबा म्हणाले.

पितांबर अंगणातच होता. हसत पुढे आला. "आबा, मी आठेच उभा शे ना!"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या आरपार पाहिलं, न् सूप उचलून उठले. "माले तर कोणी दिसत नही."

तेवढं वाक्य पुरं व्हायला न् अंगण रिकामं व्हायला एकच गाठ पडली. धूर नाही, आवाज नाही. चपला तेवढ्या राहिल्या.

गाव म्हणालं, सुरतला पळाला. आमच्याकडे कोणी दिसेनासा झाला की तो सुरतलाच असतो. सासूबाई वर्षभर पोस्टमन दिसला की उभ्या राहायच्या. आबा पायरीवरून चढताना त्या चपलांकडे बघायचे नाहीत, पण कोणी त्या हलवल्या तर ओरडायचे.

पंच्याऐंशीचा श्रावण आला. पुन्हा दहाच मुठी पडल्या. मी न् माझी जाऊ बेबाबाई जात्यावर समोरासमोर बसलो. बेबाबाईचा गळा मोठा. ओवी धरली की शेजारच्या गल्लीतली म्हैस दूध चोरायची. पहिली टोपली दळून झाली न् ती गहू आणायला उठली. जातं थांबलं. तर जात्याच्या तोंडातून, जिथं आपण घास टाकतो तिथून, आवाज आला.

"वहिनी! दळणं बंद कर व, डोळामा पीठ जास!"

मी तोंडाशी कान लावला. "कोण शे?"

"मी! पितांबर! अन् त्या बेबावहिनीले सांग, गाऊ नको. आठे आभाय फाटस."

माणूस ओळखायला एवढं बोलणं पुष्कळ झालं. मी जात्याच्या तोंडात हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. मग खांदा. तेव्हा मी काही बारीक नव्हते, दोन लेकरांची आई होते, बसल्यावर पाट दिसायचा नाही. तरी गेले. कशी गेले ते मला विचारू नका, जात्याला विचारा. ते अजून माळ्यावर आहे.

आदळले ती पिठावर. उठून पाहते तर वर आकाश नाहीच, दगड. काळा, गोल, हात लांब केला तर लागेल असं वाटणारा. तारे नव्हते. जात्याला टाकी लावतात ना, तिचे घाव होते दगडभर. उजेड यायचा तो वरच्या एका भोकातून, जिथून मी आले. त्या भोकापर्यंत जमिनीतून एक खांब गेलेला. ती आपल्या जात्याची मधली खीळ, पण खालून पाहावं तर गावच्या पाण्याच्या टाकीएवढी. न् चारी बाजूंनी भिंत. चारी तरी कसं म्हणू, कोपराच नव्हता. गोल. चालायला लागलं की शंभर पावलांत माणूस आपल्याच पायाच्या ठशावर येऊन उभा. मी दोनदा चालून पाहिलं. तिसऱ्यांदा चालायचा धीर झाला नाही. छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं झालं.

"बस वहिनी," पितांबर म्हणाला. "पहिला महिना मी बी फिरना. मंग पाय शिकी जातस."

दाढी वाढलेली, भुवया पिठाने पांढऱ्या, बनियनचं जाळं झालेलं. टामी मात्र कमरेलाच. तो भिंतीशी एकटा बसायचा. लांब पलीकडे खांबाभोवती सोळा पुरुष बसले होते, एकाच्याही तोंडात शब्द नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, पितांबरकडे कोणी बघत नव्हतं.

"हे कोण?"

"ज्यासनी मूठ घरथीन पडनी नही, ते बठ्ठा. कोणी भावशी भांडेल, कोणी जातबाहेर लगीन करेल."

"न् तुझ्याशी का बोलत नाहीत?"

पितांबरने मान खाली घातली. झालं होतं असं. तो तिथं पडला तेव्हा या सोळांनी त्याची टामी पाहिली न् तलवार समजले. त्यांना वाटत होतं, कोणीतरी शूर येईल न् आपल्याला सोडवील. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, आपल्या वाटचं पीठ आधी त्याला दिलं, वीरबाबा म्हणायला लागले. हा भोळा फुगला. टामीने खांब ठोकून पाहिला. भिंतीखाली खणून पाहिलं. शेवटी मोज्याच्या गुडघ्यावर घाव घातला. गुडघ्याला काही झालं नाही, पण भिंत एका दमात दोन पुरुष उंच झाली. त्या दिवसापासून वीरबाबाचं पाणी तोडलं.

"म्हणजे तू इथंही वाळीत?"

"आठे बी," तो म्हणाला. "घरनं दार एक व्हतं. हे दुसरं. तिसरं कोठे शोधू?"

आता मोज्या कोण, ते सांगते. खांबाला पाठ लावून एक म्हातारा बसला होता. बसलेलाच दोन माणसं उंच. पांढरं धोतर, पांढरं पागोटं, मिशा थेट आमच्या आबांसारख्या. पुढ्यात गाड्याच्या चाकाएवढं सूप. रोज एकदा तो एकेका पुरुषाकडे बोट करायचा न् पिठाची एक मूठ सुपात टाकायचा. सतरा मुठी पडल्या की भिंत बोटभर वाढायची. घरात ज्याची मूठ नाही तो मोज्याच्या सुपात. सुपातून उठून कोणी गेलेला नाही.

मी धडपडत त्याच्या पुढ्यातच पडले होते. त्याच्या पागोट्यावर माझ्या अंगचं पीठ उडालं होतं. त्याने पापणी हलवली नव्हती. मी मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. शिंकले. त्याच्या अंगठ्याला चिमटा काढला. काही नाही.

तेव्हा त्या सोळांतला एक म्हातारा उठून आला. पहूरचा धनसिंग. गावोगाव खेळ करणाऱ्या मंडळीत जन्मभर बाईचं काम केलं, म्हणून भावांनी त्याची मूठ बंद केली होती. पितांबरकडच्या माणसाशीही न बोलायचा नियम त्याने तिथेच मोडला.

"अक्का, त्याले तू दिसावनी नही," तो मला म्हणाला. "त्याना सूपमा बाईनी मूठच नही. जे मोजाय नही ते त्याले दिसत नही."

मला काही नवल वाटलं नाही. अकरा वर्षं मी त्या घरात रोट थापत होते, माझ्या नावाची मूठ मी तरी कुठे पाहिली होती? पण राग यायच्या आधी मला हसू आलं.

"धनसिंगभाऊ," मी म्हटलं, "लुगडं नेसवता येतं का?"

त्याचे डोळे असे चमकले की पुसू नका.

अंगावर माझं नऊवारी होतं, हिरवं इरकली. दातांनी काठ तोडला न् मधोमध टर्रकन फाडलं. साडेचार वार मला, साडेचार वार पितांबरला. माझ्या अंगावर साडेचार वार कसं पुरलं तेही विचारू नका. धनसिंग निऱ्या घालत होता, पितांबरने त्याचा हात धरला.

"धनसिंगकाका, तुम्हीच नेसा," तो एकदम म्हणाला. "तुमनं वय शे. मी राहस आठे."

"तुना करता तुनी वहिनी उनी," धनसिंग म्हणाला. "मना करता मना भाऊ येतीन का? मिशी झाक."

"मी परत येसू," पितांबर सगळ्यांना म्हणाला.

पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "वीरबाबा मागे बी असाच बोलना व्हता." बाकीचे हसले. वर्षाने हसले असतील, फार वाईट हसू होतं ते.

खांब मोज्याच्या पाठीशी. म्हणजे त्याच्या अगदी बगलेतून जायचं. मी पुढे, पदर नाकापर्यंत ओढून पितांबर मागे. मोज्याने बोट वर केलं होतं, मोजणी सुरू झाली होती. चार, पाच, सहा. आम्ही त्याच्या गुडघ्याशी. नऊ, दहा. न् आमच्या शहाण्याने काय करावं? वडीलधारा माणूस समोर आला, जन्माची सवय, याने थांबून दोन्ही हात जोडले. "रामराम बाबा."

मोज्याचं बोट थांबलं.

बाई कधी अशी उभी राहून मोठ्याला रामराम करते का! त्याने मान वळवली. बैलगाडीच्या आखासारखी करकरली ती मान. पहिल्यांदाच त्याचे डोळे आमच्या बाजूला आले. मागे सोळा माणसं श्वास धरून.

मी कुजबुजले, "पाठ कर! सासरा समोर आला की आम्ही करतो तसं!"

पितांबरने पदर आणखी ओढला, पाठ फिरवली न् मान खाली घालून खांबाकडे तोंड करून उभा राहिला. अगदी कालच आलेली सून. न् मोज्याने काय केलं ठाऊक आहे? खाकरला. आमचे आबा सुना न्हाणीपाशी दिसल्या की खाकरतात तस्साच. तोंड दुसरीकडे फिरवलं न् आम्ही जाईपर्यंत फिरवूनच बसला. केवढाही मोठा झाला तरी मर्यादा ती मर्यादा!

आम्ही खिळीवर चढलो. मी कशी चढले? दोन लेकरं झाली तेव्हा याहून कठीण गेलं होतं. अर्ध्यात पोहोचलो न् वर भोकाशी सावली आली. बेबाबाई परत आली होती, खुंट्याला हात लावत होती. एक फेरा दिला असता तर आम्ही दोघं रोटांच्या पिठात गेलो असतो.

"बेबे!" मी ओरडले. "खुंटा सोड!"

तिने खुंटा सोडला, गव्हाची टोपली सोडली न् स्वतः दारापर्यंत गेली. जात्यातून आधी मी निघाले, मग मिशीवाली बाई. बेबाबाई म्हणाली, "ओ माय व! ही कोण आनी?"

सासूबाई धावत आल्या. त्यांनी मिशी पाहिली नाही, लुगडं पाहिलं नाही. लेकाच्या भुवयांवरचं पीठ पदराने पुसायला लागल्या. रडत होत्या न् पुसत होत्या.

मग ओसरीवर आबा. त्यांना सगळं सांगितलं. ऐकलं त्यांनी. पण डोळे त्या हिरव्या लुगड्यावर.

"ते फेडी टाक."

"फेडं तर परत खाले जासू, आबा. मनी मूठ नही."

आबा दरवाज्याकडे बघायला लागले. उद्या कानबाई बसणार, पुऱ्या सोनगीरातले भाऊबंद येणार न् जीवरामचा पोरगा ओसरीवर पदर घेऊन! आबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांना पोराचा कळवळा आला की लाजेने पाठ धरली, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. ते उठले, कोठीत हात घातला, मुठीत गहू घेतला न् सुपावर धरला. "पितांबरनी," म्हणाले.

पितांबरने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा आबा. ही मूठ पडनी का मी मोजात उनू. मंग मले खाले जाता यावाव नही."

"खाले काय ठेवेल शे तुनं?"

"सोळा जण."

"ते तुनासंगे बोलत बी नव्हतात ना!"

"तुम्ही तरी कोठे बोलत व्हतात?" पितांबर म्हणाला. रागाने नाही म्हणाला. "आठ लुगडी लागतीन. फाडी फाडी पुरतीन."

सासूबाई आत गेल्या. त्यांची पेटी उघडल्याचा आवाज आला. आबांसमोर जन्मात मान वर न केलेल्या त्या बाईने चार लुगडी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली, त्यात लग्नाचा शालू. बेबाबाईने दोन आणली, माझी दोन. पितांबरने गठडं बांधलं, टामी काढून माझ्या हातात दिली न् जात्यात उतरला.

आबांनी मूठ टाकली नाही न् परतही ठेवली नाही. तशीच आवळून जात्याजवळ येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस जात्याशी बसला असेल. बारा वाजले. शेजारणी विचारून गेल्या, दळण झालं का? बेबाबाई खुंट्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती, कोणाचा धक्काही लागू नये म्हणून. दोन वाजले. आबा जात्याच्या तोंडात वाकून बघायचे. काळोख. चार वाजले. "आवाज येस का?" मला विचारायचे. सुनेशी थेट बोलत होते न् त्यांच्या ध्यानातही नव्हतं. येत नव्हता आवाज. मी खोटंच म्हणायचे, येतो.

पाचला जात्यातून एक हात आला, केसाळ, मनगटाशी जरीचा पदर. आबांनी डाव्या हाताने ओढला.

"कोण?"

"धनसिंग. पहूरना."

मग एकामागून एक. कोणी जांभळ्यात, कोणी लाल चौकटीत, सगळ्या मिशा पांढऱ्या. आबा ओढत होते न् मोजत होते. सोळा झाले. सतरावा येईना. आबांनी जात्यात तोंड घालून हाक मारली, "पितांबर!" पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला आला.

"काबर इतला येळ लावा?" आबा जवळजवळ रडतच ओरडले.

"मोज्या," पितांबर म्हणाला. "सूप लिसन बसेल व्हता. कोणीच दिसे ना. मंग त्यानी सोताले मोजं. एक. परत मोजं, एकच. जीव निघे ना मना तठेन."

आबांनी मूठ सुपावर उघडली. गव्हाला कोंब फुटले होते, बोटाच्या पेराएवढे. सकाळपासून घामात धरलेला गहू! बेबाबाई म्हणाली, दळायला चिकट जाईल. पण दळला तिने.

रोट त्या सोळांना दिले नाहीत बरं. आबा ते आबाच. त्यांना खिचडी न् ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या दिल्या, अंगणात वेगळी पंगत बसवून. पण दोन दिवस राहू दिलं. कानबाईला नदीवर पोहोचवून आले न् आबांनी टोपी घातली, काठी घेतली. बाकीचे पंधरा लुगड्यांतच ओसरीवर थांबले, त्यांचीही घरं एकेक करून गाठायची होती.

"चाल धनसिंगभाऊ. तुना भाऊसकडे जाऊत. मी बोलस त्यासनासंगे."

धुळ्याहून जळगाव न् जळगावहून पहूर. मीही होते, लुगडं परत आणायला. एसटीत आबा शालू नेसलेल्या, मिशीवाल्या धनसिंगच्या शेजारी ताठ बसले. अख्खी गाडी वळून बघत होती. कंडक्टर आला, तिकीट फाडता फाडता थबकला.

"बाबा, ह्या बाई कोण लागतात तुमच्या?"

आबा समोर बघत म्हणाले, "भाऊ शे मना."

कंडक्टरने मिशीकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं. "मग भाऊंना पुढं बसवा," म्हणाला, "लेडीज शीट रिकामं आहे."